नाक्यावरचा झाकलेला माणूस

भिवंडीत एखादी वस्तू चार दिवस एका जागी ठेवली की तिच्यावर कापसाचे तंतू बसतात. लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात, तंतू उडतात, आणि पंखा, देव्हारा, चष्मा, जे सापडेल त्यावर बसतात. ते कोणी जमवायला जात नाही. सरकारी कचेरीतले किस्सेही असेच बसतात. आपण फक्त खुर्चीवर बसून राहायचं. मी बरीच वर्षं बसलो. शेवटची काही वर्षं शहर सुशोभीकरण कक्षात होतो, आणि तिथं हे तंतू जरा जास्तच उडायचे.

आता संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्हा निवृत्तांचा अड्डा जमतो. मी हे किस्से सांगतो, मंडळी हसतात, मीही हसतो. फक्त घरी जाताना नाक्यावरून न जाता मागच्या गल्लीतून जातो. तसा थोडा फेराच पडतो.

कक्ष म्हणजे तीन माणसं. साहेब, मी आणि शिपाई भोईर. साहेब मूळचे ड्रेनेजचे. माणूस वाईट नव्हता, पण सगळी नोकरी जमिनीखालच्या कामात गेलेली, त्यामुळे जमिनीच्या वर काही उभं करायचं म्हटलं की बिचकायचे. कक्षात आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे एका कारंज्याचा नकाशा ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "पाणी खाली जातंय हे कळलं. पण ते वर कशाला पाठवायचं?"

भोईर गणेशपुरीकडचा. घरची भातशेती, रोज एसटीनं ये-जा. बोलायचाही एसटीसारखाच, सावकाश, पण थेट. मला अण्णा म्हणायचा. बाकी कुणाला काय म्हणायचा ते लिहिण्यासारखं नाही.

* * *

आमची पहिली कलाकृती म्हणजे डॉल्फिन.

फायबरचा, निळा, तोंड वर करून उडी मारणारा. कुठल्याशा समुद्रकाठच्या गावासाठी तो बनवला होता आणि त्या गावानं तो नाकारला होता. कंत्राटदाराकडे तो पडून होता आणि आमच्याकडे एक वाहतूक बेट रिकामं होतं. एवढ्यावर जमलं.

मी भीत भीत म्हटलं, "साहेब, भिवंडी आणि डॉल्फिन, संबंध काय?"

"आपल्याकडे खाडी आहे ना?"

"खाडीत डॉल्फिन नाहीत, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "खाडीत काय आहे ते मला माहीत आहे. ड्रेनेज माझ्याकडेच होतं."

डॉल्फिन बसला. पुढच्या आठवड्यात भोईर बातमी घेऊन आला, "साहेब, माशाच्या शेपटीला कोनीतरी बकरा बांधलाय."

साहेबांनी फाइलमधून मान वर केली. "बकरा ओढतोय का?"

"लय ओढतोय."

"मासा हलला?"

"न्हाय."

"मग मजबुतीची चाचणी झाली म्हणा," साहेब म्हणाले, आणि मला तसा शेरा लिहायला लावला. तो शेरा आजही फाइलमध्ये आहे. बकऱ्याचा उल्लेख नाही.

* * *

डॉल्फिननंतर वरच्या कार्यालयाला वाटलं की शहराची खरी ओळख सांगणारं एक शिल्प धामणकर नाक्याच्या अलीकडे उभं राहावं. बैठक झाली. समितीचे सदस्य आले, प्रत्येकाच्या खिशात एकेक थोर पुरुष होता. एकानं आपला बाहेर काढला की दुसऱ्याचा चेहरा उतरायचा, आणि तिसरा म्हणायचा, "आमचं काही म्हणणं नाही, पण लोकांच्या भावना आहेत." तासाभरात साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला.

शेवटी ते म्हणाले, "मंडळी, असा माणूस सुचवा, ज्याची जयंती नाही आणि पुण्यतिथीही नाही."

असा माणूस कुणालाच आठवेना. भोईर चहाचे कप उचलत होता, तो म्हणाला, "लूमवाला हाय की."

"त्याची जयंती नसते?"

"त्याला सुट्टीच न्हाय साहेब. जयंती कदी करनार?"

ठराव एकमतानं झाला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'शहराच्या कष्टकरी परंपरेचा गौरव.' साहेब मात्र जिना उतरताना माझ्या कानाशी म्हणाले, "सुटलो. बंदोबस्त लागणार नाही."

* * *

काम टेमघरच्या म्हात्रेला मिळालं. म्हात्रे आर्ट स्कूलमधून शिकून आलेला, पण वर्षातले बरेच महिने गणपती करून पोट भरणारा. त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं, "कॅलेंडरवरचा कामगार मी करणार नाही. मला खरा माणूस दाखवा."

मग मी आणि तो लूमचे कारखाने धुंडाळत फिरलो. एका शेडमध्ये सत्तारचाचा सापडला. म्हातारा, काटकुळा, खांद्यावर गमछा. तुटलेला धागा जोडायला तो मागावर वाकला होता आणि आम्ही समोर उभे असूनही त्यानं वर पाहिलं नाही. म्हात्रे माझा दंड दाबून म्हणाला, "अण्णा, हाच."

चाचाला कमी ऐकू येई. उभी हयात लूमच्या खडखडाटात गेलेली. म्हणून शेडच्या बाहेर आणून ओरडून सांगावं लागलं, "चाचा, आपका पुतला बनेगा."

चाचानं दोघांकडे नीट पाहिलं. "पुतला तो मरे हुए का बनता है ना, साहब?"

म्हात्रे म्हणाला, "इस बार जिंदा आदमी का बनायेंगे."

चाचा हसला. विश्वास मात्र बसला नव्हता. तो बसला दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नाके पे? सबको दिखेगा?" आणि मग सांगितलं की त्यानं आझमगडला गावी बायकोला फोन केला. "घरवाली हँसती है साहब. बोली, इतने साल में एक फोटू नहीं भेजा, और अब पुतला?"

चाचाचे गुडघे गेले होते. गावी परत जायचं त्यानं ठरवलंच होतं. पण आता त्यात एक भर पडली. पुतळा उघडला की बायकोला बोलवायचं, ती भिवंडीला कधीच आली नव्हती. तिला तो दाखवायचा आणि तिच्याबरोबरच कायमचं गावी निघायचं. "एक बार उसको दिखा दूँ," तो म्हणाला, "फिर लूम को सलाम."

त्या दिवशी मी घरी जरा ताठ मानेनं गेलो. वाटलं, आपल्या टेबलावरून कुणाचं तरी काहीतरी चांगलं होतंय.

* * *

म्हात्रेनं टेमघरच्या शेडमध्ये चाचाचा मातीचा पुतळा केला. चारी बाजूंना बिनरंगाचे गणपती आणि मध्ये वाकलेला सत्तारचाचा. गणपती बुक करायला आलेली माणसं त्याच्याकडे बघत आणि विचारत, "ही कोणाची ऑर्डर?"

मग आमची समिती पाहणीला गेली. म्हात्रेनं ओलं कापड बाजूला केलं. मी आतापर्यंत पुष्कळ पुस्तकं वाचली, कलेवरचीही चार वाचली, पण बोटांच्या टोकाशी आलेला एवढा जीव मी कशात पाहिला नव्हता. मी काही बोललो नाही. समितीत कारकुनानं बोलायचं नसतं.

एक सदस्य म्हणाले, "बनियनला भोक आहे."

"त्यांच्या बनियनला आहे," म्हात्रे म्हणाला.

"पुतळ्याला नवीन द्या. शहराची इज्जत आहे."

दुसरे म्हणाले, पोट फार आत गेलंय, थोडं बाहेर आणा. तिसऱ्यांना टोपी हवी होती. चौथ्यांना टोपी चालणार नव्हती, कपाळावर गंध हवं होतं. यावर दोघांचे आवाज चढू लागले, तेव्हा साहेब मध्ये पडले, "डोक्यावर काही नको, कपाळावरही काही नको. गमछा आहे तेवढा राहू द्या. गमछा सगळ्यांचा असतो."

तेवढ्यात पहिले सदस्य पुन्हा म्हणाले, "पण हा एवढा थकलेला का दिसतो?"

म्हात्रे म्हणाला, "साहेब, ते बारा तासांच्या शिफ्टनंतर माझ्याकडे येऊन उभे राहतात."

त्यावर आमचे साहेब, अगदी प्रामाणिकपणे, म्हणाले, "मग त्यांना शिफ्टच्या आधी बोलवा ना."

चाचा कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याला ऐकू आलं नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माणसाला कमी ऐकू येतं तेही बरंच असतं.

* * *

मूळ योजनेत कामगार आणि त्याच्यापुढे लूम असं शिल्प होतं. चौथरा त्या मापाचा बांधला. मग लूमचा खर्च पाहून कुणीतरी वर लिहिलं, 'लूम दुसऱ्या टप्प्यात घ्यावा.' दुसरा टप्पा म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना सांगायला नको.

त्यामुळे भल्यामोठ्या चौथऱ्याच्या एका टोकाला माणूस आणि पुढे मोकळी जागा, असं झालं. म्हात्रे साहेबांपुढे येऊन हात जोडून म्हणाला, "साहेब, तो माणूस हवेत गाठ मारतोय. बघणाऱ्याला काय कळणार?"

साहेब म्हणाले, "शहरात लूम कमी आहेत का? बघणारा कल्पना करील."

मातीवरून ओतून घेतलेला पुतळा क्रेननं उतरवला तेव्हा रिक्षावाले जमले होते. त्यांच्यात अंदाज चालले होते. एकाचं म्हणणं, हा खड्डा बघतोय. दुसऱ्याचं म्हणणं, ह्याचं काहीतरी हरवलंय. भोईर मला म्हणाला, "अण्णा, लूम हारवलाय त्याचा."

तेवढ्यात लोकार्पण होईपर्यंत पुतळा कुणाला दिसू नये म्हणून तो झाकायचा हुकूम आला.

* * *

आता हे शहर कापडाचं. इथं माणूस झोपतो कापडावर, उठतो कापडात, आणि बोलतो कापडाविषयी. पण पुतळा झाकायला कापड कुठलं, यावर आमचे तीन महिने गेले असतील.

आधी पांढरं घातलं. एक सदस्य तणतणत आले, "ते कफन कुणी घातलं त्याला?" मग हिरवं घातलं. त्यावर दुसरे आले. मग भगवं घातलं. त्यावर पहिले पुन्हा आले. साहेब डोकं धरून बसले. शेवटी भोईर बाजारातून निळ्या-लाल चौकड्यांचं लुंगीचं कापड घेऊन आला. त्या चौकड्यांवर कुणाचाच दावा नव्हता.

असा आमचा माणूस चौकड्या पांघरून नाक्यावर उभा राहिला. आणि लोकार्पणाला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची तारीख काही मिळेना. कधी अधिवेशन, कधी आचारसंहिता, कधी पाहुण्यांच्या घरात लग्न. एकदा तारीख मिळाली, तर पाहुणेच बदलले.

चाचा शिफ्ट सुटली की ऑफिसात यायचा. दारात चप्पल काढायचा, आम्ही सांगूनही काढायचाच. विचारायचा, "साहब, कब खुलेगा?" मी म्हणायचो, "अगले महीने, चाचा." तो तिथूनच गावी फोन लावायचा आणि ओरडून सांगायचा, "अगले महीने."

काही दिवसांनी मी त्याला येताना पाहिलं की टेबलाखालची फाइल शोधायला वाकू लागलो. चाचाला वाटायचं, साहेब कामात आहेत. तो तेवढाच वेळ थांबायचा आणि जायचा.

* * *

आपल्याकडे झाकलेली गोष्ट फार दिवस साधी राहत नाही.

एके दिवशी पुतळ्याच्या पायाशी नारळ दिसला. मग उदबत्त्या आल्या. मग शेअर रिक्षावाले ओरडू लागले, "चलो, झाकलेला बाबा, झाकलेला बाबा, एक सीट." कुणी म्हणे आत पीर आहेत, कुणी म्हणे महाराज आहेत. दोन्ही बाजूंची माणसं येऊन चौकड्यांना हात लावून कपाळाला लावत, आणि गंमत म्हणजे त्या एका जागी कधी कुणाचं भांडण झालं नाही.

साहेब म्हणाले, "भोईर, हे अतिक्रमण आहे. हटव."

भोईर म्हणाला, "मी न्हाय हटवनार. एका बाईचा नवस फळलाय तितं."

"अरे, आत सत्तारचाचा आहे, तुला माहीत नाही का?"

"मना माहीत हाय. पन नवसाला माहीत न्हाय ना."

त्याच आठवड्यात चाचा आला. या वेळी त्यानं तारीख विचारली नाही. चप्पल काढून माझ्या टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, "साहब, नाके पे लोग अगरबत्ती जला रहे हैं."

"हाँ चाचा. आदर करते हैं."

"लेकिन साहब," तो म्हणाला, "मैं तो जिंदा हूँ."

यावर टेबलाखाली शोधण्यासारखी एकही फाइल मला आठवेना.

* * *

अखेर लोकार्पण ठरलं. पाहुणे नाक्यावर येणार नव्हते, तिथं ट्रॅफिक असतं. ते सभागृहात बसून बटण दाबणार, अशी नवी पद्धत. एका बटणात शौचालय, उद्यान, गटार आणि आमचा पुतळा. पुतळ्याला मोटार जोडली होती. बटण दाबलं की दोरी ओढली जाणार आणि कापड खाली पडणार.

नाक्यावर भोईरला उभं केलं. चाचा धुतलेला कुर्ता घालून त्याच्या शेजारी उभा. मी सभागृहात.

पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. पडद्यावर पुतळा झळकला, म्हणजे कंत्राटदारानं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र. त्यात कामगार गुटगुटीत होता, हसत होता, आणि त्याच्या पुढे लूमसुद्धा होता. तेवढ्यात माझा फोन थरथरला. भोईर.

"अण्णा, हितं लाइट गेलीय. कापड पडलं न्हाय."

मी वाकून साहेबांच्या कानात सांगितलं. साहेब टाळ्या वाजवत होते. टाळ्या न थांबवता म्हणाले, "इथं पडलं. त्याला सांग, गप्प बस."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता जाऊन हातानं ओढू या, संपलं. साहेबांनी मला दार लावून समोर बसवलं. "अण्णा, नीट विचार करा. आज कापड काढलं, म्हणजे काल ते पडलं नव्हतं हे सिद्ध होतं. मग पाहुण्यांनी काल काय उघडलं? कोनशिलेवर नाव आहे त्यांचं."

"मग कापड केव्हा काढायचं?"

"कुठलं कापड?" साहेब म्हणाले. "रेकॉर्डला कापड नाही."

म्हात्रे हे ऐकून कात्री घेऊनच नाक्यावर निघाला होता. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल होईल, असं साहेबांनी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मीच केलाय तो, साहेब." साहेब म्हणाले, "पुतळा तुम्ही केलात. कापड आमचं आहे." म्हात्रे परत गेला. त्या वर्षापासून तो फक्त गणपती करतो. गणपतींचं बरं असतं, त्यांची तारीख ठरलेली असते.

आणि भोईरची ड्युटी नाक्यावर लागली. कागदावर पुतळ्याच्या देखभालीसाठी. प्रत्यक्षात स्टूल टाकून बसायचं आणि कापडाला कुणी ओढणार नाही एवढं पाहायचं.

* * *

मग वरच्या कार्यालयातून विचारणा आली, की काम पूर्ण झाल्याचं दाखवायला लोकार्पणानंतरचा पुतळ्याचा फोटो सादर करा. साहेबांनी कॉम्प्युटरवरचं चित्र पाठवलं. ते परत आलं, 'प्रत्यक्ष फोटो पाठवावा.' साहेबांची झोप उडाली. कापड काढता येत नाही आणि कापडासकट फोटो देता येत नाही. स्मरणपत्रं येत राहिली. साहेब स्मरणपत्राच्या पाकिटाला हात लावायचे आणि तसंच ठेवायचे.

या सगळ्यात एका सकाळी चाचा बायकोला घेऊन आला.

शिफ्ट त्यानं सोडली होती. गुडघे आता अगदीच ऐकेनात. दुपारी कल्याणहून गाडी होती. सामान म्हणून एक ट्रंक आणि एक गाठोडं. त्यानं मला ऑफिसातून बोलावून घेतलं, "साहब, आप भी चलिए. आपने ही तो ढूँढा था मुझे." नाही म्हणायला काही सुचलं नाही, म्हणून गेलो.

नाक्यावर नेहमीचा गोंधळ. टेम्पो, हातगाड्या, रिक्षांचे आवाज. मध्ये चौकड्यांचं ते मोठं बोचकं, पायाशी विझलेल्या उदबत्त्या. चाचीनं डोक्यावरचा पदर सारखा करून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यही है?"

चाचानं मान हलवली.

"अच्छा है," ती म्हणाली, आणि गाठोडं उचलायला वाकली. तिनं टोमणा मारला असता तर चाललं असतं. ती त्याला सांभाळून घेत होती. तिच्या मनात ही गोष्ट पहिल्यापासूनच खोटी होती आणि त्याबद्दल तिनं त्याला केव्हाच माफ केलं होतं, हे चाचालाही दिसलं.

मी दुकानांच्या पाट्या वाचू लागलो.

चाचानं भोईरला विचारलं, "छूना मना है?"

भोईर स्टुलावरून उठला. म्हणाला, "कपडे को हात लगाना मना है चाचा. चौथरे पे चढने को मेरेको किसीने ना नहीं बोला." आणि त्यानं स्टूल चौथऱ्याला लावलं.

चाचा चढला. गुडघ्यांवर हात दाबत, भोईरच्या खांद्याचा आधार घेत चढला. जिथं लूम बसायचा होता, त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. गमछा नीट केला. आणि वाकला. मान खाली, दोन्ही हात पुढे, बोटांच्या चिमटीत नसलेला धागा. म्हात्रेच्या शेडमध्ये उभा राहायचा, अगदी तसा. मग हलला नाही.

रिक्षावाल्यांचं ओरडणं जरा कमी झालं. चाची पुढे गेली. तिनं पदर कानामागे सारला आणि खालून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"इतनी झुकी रहती थी गर्दन?" तिनं विचारलं.

चाचा बोलला नाही. ऐकू आलं नसेल, किंवा पुतळे बोलत नाहीत म्हणून असेल.

नेमकी त्याच वेळी साहेबांची गाडी ट्रॅफिकमध्ये येऊन आमच्यासमोर अडकली. काच खाली झाली. "भोईर, ते वर कोण आहे?"

भोईरनं चौथऱ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "पुतळा हाय, साहेब."

साहेब रागवायला तोंड उघडत होते, ते तसंच राहिलं. त्यांनी वाकलेल्या चाचाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. तुंबलेली लाइन अचानक मोकळी झाली की ड्रेनेजच्या माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला. त्यांनी खिशातून फोन काढला. "भोईर, थोडा बाजूला हो. अण्णा, तुम्हीपण." पुढची रिक्षा हलली, साहेबांची गाडीही गेली.

चाचा आणि चाची दुपारच्या गाडीनं आझमगडला गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी, पुतळ्याची फाइल त्या फोटोसकट मंजूर होऊन परत आली. शेरा होता, 'पुतळा समाधानकारक. चेहरा हुबेहूब कामगाराचा वाटतो. मात्र अंगावर धूळ व कापसाचे तंतू बसलेले दिसतात. पुतळा धुऊन घ्यावा व तसा अहवाल द्यावा.'

साहेबांनी खाली लिहिलं, 'भोईर, त्वरित.'

मी भोईरला नाक्यावरून बोलावून ते वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कोपऱ्यातली बादली उचलली, तिच्यात ब्रश टाकला, दारापर्यंत गेला आणि तिथून मागे वळून विचारलं, "अण्णा, आझमगडला एसटी जाते का?"